मेडुसाचे डोके, मिनोटॉरची भुलभुलैया आणि आपल्या मुलांचा मोबाइल

ग्रीक दंतकथांवरच्या शूटिंग गेममध्ये काय असते, आणि पालकांनी त्यात काय बघावे

मेडुसा, हायड्रा, मिनोटॉर, सायक्लॉप्स. ही नावे आपल्या मुलांनी शाळेच्या पुस्तकात क्वचितच वाचलेली असतात. तरी सातवी-आठवीच्या वर्गात विचारून पाहा. मागच्या बाकावरची चार मुले तरी सांगतील की मेडुसाच्या डोक्यावर केसांऐवजी साप असतात आणि हायड्राचे एक डोके कापले की दोन उगवतात. कुठे वाचलेस, असे विचारले की उत्तर येते, "वाचले नाही मिस, खेळलो."

गेल्या काही वर्षांत ग्रीक दंतकथांचा आधार घेतलेले व्हिडिओ गेम खूप आले. त्यातला एक प्रकार मुलग्यांना विशेष आवडतो. हातात बंदूक किंवा धनुष्य, समोर संगमरवरी खांबांचे पडके मंदिर, आणि चारी बाजूंनी धावून येणारे सांगाडे, पंखवाल्या चेटकिणी, एकाक्ष राक्षस. इंग्रजीत या प्रकाराला आर्केड पद्धतीचा फर्स्ट पर्सन शूटर म्हणतात.

पालकसभेत या खेळांचा विषय निघाला की तीन प्रश्न हमखास येतात. या खेळांत इतके देव-देवी आहेत, मुलांच्या अकीद्याचे काय? दिवसभर गोळ्या झाडून मूल मारकुटे होईल का? आणि या खेळात जाणारा वेळ आणि पैसा कसा आवरायचा? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांची उत्तरे शोधण्याआधी हा खेळ आतून कसा असतो ते समजून घ्यायला हवे. ज्याची आपल्याला माहिती नाही, त्याबद्दल आपण मुलाशी बोलू लागलो की ते ऐकून घेते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन तेच खेळते.

'मी'चा खेळ

मराठी व्याकरणात आपण 'मी'ला प्रथम पुरुष म्हणतो, उर्दूत मुतकल्लिम. फर्स्ट पर्सन म्हणजे तेच. या खेळात खेळणाऱ्याला आपले पात्र दिसत नाही. पडद्याच्या खालच्या कडेला दोन हात आणि हत्यार तेवढे दिसते. पात्राच्या डोळ्यांना जे दिसेल तेच आपल्याला दिसते. बोट सरकवले की मान वळते, बटण दाबले की गोळी सुटते. म्हणून खेळून उठलेला मुलगा "तो मेला" म्हणत नाही, "मी मेलो" म्हणतो.

आर्केड हा शब्द नाणे टाकून खेळायच्या मशीनच्या दुकानांवरून आला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना आपल्या गावातले व्हिडिओ गेम पार्लर आठवत असेल. तिथे मशीनचे गणित सरळ होते. खेळ लवकर संपला पाहिजे म्हणजे पुढचे नाणे पडेल, आणि तो इतका चटकदार हवा की पुढचे नाणे टाकावेसे वाटेल. त्यामुळे आर्केड खेळात मोठी गोष्ट नसते. शत्रूंची एक लाट येते, ती संपली की दुसरी मोठी लाट येते, मध्ये थोडे बक्षीस मिळते आणि शेवटी एक भला मोठा शत्रू येतो. त्याला मुले 'बॉस' म्हणतात. वर कोपऱ्यात आकडा वाढत असतो आणि हरल्यावर एकच प्रश्न येतो: पुन्हा खेळायचे?

मशीन गेली, नाणी गेली, पण तो प्रश्न तसाच राहिला. "अम्मी, फक्त अजून एकदा" यामागे मुलाचा हट्ट थोडा असतो. बाकी ती पन्नास वर्षे घासूनपुसून तयार झालेली रचना असते.

नाण्याच्या पेटीपासून फोनपर्यंत

१९७८ साली जपानच्या तायतो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ आणला. तो बनवला तोमोहिरो निशिकादो यांनी. वरून शत्रूंच्या रांगा खाली येतात आणि आपण खालून त्यांना टिपतो. जसजसे शत्रू कमी होतात तसतसे उरलेले जोरात पळू लागतात. गंमत अशी की हा वेग सुरुवातीला कोणी ठरवून दिलेला नव्हता. पडद्यावरची चित्रे कमी झाली की त्या काळच्या चिपवरचा भार कमी व्हायचा आणि चित्रे आपोआप वेगाने सरकायची. निशिकादो यांनी ते तसेच ठेवले. शेवट जवळ आला की धडधड वाढवायची, ही आजच्या प्रत्येक शूटरमधली युक्ती तिथूनही आली आहे.

डोळ्यांच्या जागेवरून बघण्याचा प्रयोग त्याच्याही आधीचा आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनी 'मेझ वॉर' हा खेळ तयार केला. त्यात भिंतींची भुलभुलैया होती आणि वळणावर दुसरा खेळाडू भेटला की त्याला टिपायचे. १९८० साली अटारीने 'बॅटलझोन' ही रणगाड्याची मशीन काढली. तिच्यावरून अमेरिकी लष्करासाठी सरावाची वेगळी आवृत्तीही तयार करण्यात आली.

नंतर अमेरिकेच्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने १९९२ साली 'वुल्फेन्स्टाइन ३डी' आणि डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आणला. डूमने हा प्रकार जगभर नेला. तो विकण्याची पद्धतही लक्षात घेण्यासारखी होती. पहिला भाग फुकट वाटायचा, आवडला तर पुढचे भाग विकत घ्यायचे. आज फोनवर 'फ्री' असे लिहिलेला खेळ दिसला की ही पद्धत आठवावी. फुकट असतो तो दरवाजा.

राक्षसच का?

ग्रीक कथा आणि व्हिडिओ गेम यांची सोयरीकही जुनी आहे. १९८८ साली सेगाच्या 'ऑल्टर्ड बीस्ट' या आर्केड मशीनमध्ये झ्यूस एका मृत रोमन सैनिकाला उठवतो आणि अथीनाला सोडवायला पाठवतो. निन्टेन्डोच्या 'किड इकारस'चा पहिला खेळ १९८६ सालचा. त्याचा २०१२ मधला 'अपरायझिंग' हा भाग तर पुरा आर्केड पद्धतीचा शूटर आहे. प्रत्येक प्रकरणात आधी काही मिनिटे हवेत उडत शत्रू टिपायचे, मग जमिनीवर उतरून लढायचे. २००५ साली 'गॉड ऑफ वॉर' आला. तो उघडपणे प्रौढांसाठी आहे, रक्तपात आणि इतर दृश्ये धरून. २००१ साली क्रोएशियातल्या क्रोटीम कंपनीचा 'सीरियस सॅम' आला. तो घडतो प्राचीन इजिप्तमध्ये, पण आकाशातून झडप घालणारी पंखवाली हार्पी ग्रीक कथेतूनच उचललेली. आज लहानमोठे अनेक गट याच साच्यातले खेळ बनवतात.

त्यांना या कथा का आवडतात? एक कारण खर्चाचे आहे. होमरवर कोणाचा मालकी हक्क नाही, मेडुसा वापरायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. दुसरे असे की प्रत्येक राक्षसाची ताकद आणि कमजोरी कथेतच ठरलेली आहे. खेळ बनवणाऱ्याला तेच हवे असते. तिसरे कारण जरा विचार करायला लावणारे आहे. सांगाडा किंवा राक्षस मारला तर कोणाला वाईट वाटत नाही. त्याला आई नाही, गाव नाही, नाव नाही. गोळी झाडणाऱ्याच्या मनावर ओझे येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आणखी एक नाते मला शिक्षिका म्हणून फार रंजक वाटते. क्रीट बेटावरची मिनोटॉरची कथा बघा. राजा मिनोसने डिडॅलस या कारागिराकडून एक भुलभुलैया बांधून घेतली आणि तिच्यात बैलाच्या डोक्याचा राक्षस ठेवला. आत गेलेला माणूस अरुंद वाटांनी फिरत राहायचा आणि कोणत्या वळणावर काय उभे आहे हे त्याला कळायचे नाही. पहिल्या शूटर खेळांचे नकाशे याहून वेगळे नाहीत. वाटा, वळण आणि वळणामागची भीती. ही भीती दोन हजार वर्षांहून जुनी आहे, म्हणून तर ती फोनच्या छोट्या पडद्यावरही काम करते.

कथेत युक्ती, खेळात बंदूक

आता मूळ कथा आणि खेळ शेजारी शेजारी ठेवून बघू.

मेडुसाकडे जो बघेल तो दगड होतो. पर्सियस तिच्याकडे थेट बघतच नाही. लखलखीत ढालीतल्या प्रतिबिंबात बघून तो वार करतो. हायड्राचे एक डोके कापले की दोन उगवतात. हेराक्लीझ थकतो, मग त्याचा पुतण्या आयोलाउस मशाल घेऊन मदतीला येतो आणि कापलेली प्रत्येक मान डागून टाकतो. मिनोटॉरपर्यंत पोहोचणे अवघड होतेच, पण खरे संकट परत येण्याचे होते. ते सुटले आरियाड्नीने दिलेल्या दोऱ्याच्या गुंडीने. सायक्लॉप्सच्या गुहेत सापडलेला ओडिसियस आपले नाव 'कोणी नाही' असे सांगतो. डोळा फुटल्यावर राक्षस ओरडतो की मला 'कोणी नाही'ने मारले, आणि मदतीला आलेले शेजारी परत जातात.

म्हणजे प्रत्येक कथेत शक्ती कमी पडते आणि डोके कामाला येते. कुठे आरसा, कुठे आग, कुठे दोरा, कुठे एक शब्द. बऱ्याच वेळा मदत करणारे दुसरे कोणी तरी असते. शिवाय चुकीची किंमत मोजावी लागते. गुहेतून सुखरूप सुटल्यावर ओडिसियसला राहवत नाही. तो जहाजावरून ओरडून आपले खरे नाव सांगतो. त्या एका फुशारकीपायी समुद्राचा कोप ओढवतो आणि घरी पोहोचायला त्याला वर्षानुवर्षे लागतात.

साध्या शूटरमध्ये यातले राक्षस उरतात आणि युक्ती गळून पडते. मेडुसाला शंभर गोळ्या, हायड्राला दोनशे. फुशारकीची किंमत नाही, पुतण्याची मशाल नाही. चांगल्या खेळात मात्र युक्ती शिल्लक राहते. फर्स्ट पर्सन खेळात बघणे हेच मुख्य काम असते. तिथे 'हिच्याकडे बघायचे नाही' असा नियम घातला, तर नजर वळवून, आवाजाच्या अंदाजाने, भिंतीवरच्या सावलीवरून लढावे लागेल. असा खेळ मुलाला विचार करायला लावतो. म्हणून खेळ चांगला की टाकाऊ हे ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: यात शत्रूगणिक वेगळा विचार करावा लागतो, की फक्त बोट चालवायचे?

आठवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर लिहिले: 'बंदूक नाही. हायड्राला कसे हरवाल?' एकाने जाळे सांगितले, एकाने दलदल कोरडी करू म्हटले. एक मुलगी म्हणाली, "मिस, ती दलदलीबाहेर येतेच कशाला? तिला कोण त्रास देतंय ते आधी बघू." त्या तासाला घंटा झाली तरी कोणी उठले नाही. यातली अर्धी मुले हायड्राला खेळामुळेच ओळखत होती, हेही इथे नोंदवायला हवे.

आकाशातला गूल

आता अकीद्याचा प्रश्न. मी आलिमा नाही. मसअला विचारायचा असेल तर तो आपल्या विश्वासातल्या आलिमांनाच विचारावा. शिक्षिका म्हणून मी फक्त इतिहासातला एक दाखला समोर ठेवते.

ग्रीकांना आपण परके मानतो, पण आपल्या बोलण्यात ते भरपूर आहेत. युनानी दवाखान्यातला 'युनानी' म्हणजे ग्रीकच. अरस्तू, सुकरात, बुकरात, जालीनूस ही नावे उर्दूत रोजची. मराठीत एखादी गोष्ट फारच झकास असली की आपण 'अफलातून' म्हणतो. ते प्लेटोचे नाव आहे, अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेले. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्यांच्यासारख्या विद्वानांनी ग्रीक वैद्यक, गणित, तत्त्वज्ञान अरबीत आणले. देवदेवतांची काव्ये आणि नाटके मात्र त्या काळात जवळजवळ सगळी बाजूलाच राहिली. काय घ्यायचे आणि काय सोडायचे, याची निवड होत होती.

तरीही एका ठिकाणी या कथांची चित्रे आत आली: आकाशात. इराणच्या रय्य शहरात जन्मलेले खगोलज्ञ अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी इ.स. ९६४च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. टॉलेमीचे ४८ तारकासमूह त्यांनी तपासले, ताऱ्यांचे तेज नव्याने नोंदवले आणि प्रत्येक समूहाची दोन चित्रे दिली. पर्सियस त्यांच्याकडेही हातात कापलेले डोके घेऊन उभा आहे. मेडुसाच्या जागी अरबीत शब्द आला 'गूल', आपल्या दास्तानांतला तोच गूल. त्या डोक्यातल्या ताऱ्याचे नाव झाले 'रअस-उल-गूल', म्हणजे गूलचे डोके. युरोपने ते उचलले आणि आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्या ताऱ्याला 'अल्गोल' म्हणतात. शेजारची अँड्रोमेडा अरबीत 'अल्-मरअतुल मुसलसला' झाली, साखळदंडाने बांधलेली स्त्री. उर्दूत आपण 'मुसलसल' म्हणतो तो याच साखळीतला शब्द. मराठीत आकाशाच्या याच तुकड्याला ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा ही नावे आहेत. तारे तेच आहेत. प्रत्येक भाषेने आपापली गोष्ट त्यांच्यावर लावली.

त्या विद्वानांना गोष्ट आणि श्रद्धा यांतला फरक पक्का माहीत होता. मूल घरात तौहीद नीट शिकले असेल, तर झ्यूस ही एक जुनी गोष्ट आहे हे त्याला समजावणे जड जात नाही. लक्ष द्यायचे ते खेळ मुलाकडून काय करवून घेतो याकडे. उदाहरणार्थ, २०२० मध्ये आलेल्या आणि पुढच्या वर्षी ह्युगो पुरस्कार मिळवलेल्या 'हेडीझ' या खेळात ऑलिंपसच्या देवता खेळाडूला वरदाने देतात. खेळाच्या हिशेबात वरदान म्हणजे हत्याराचा जोर काही टक्के वाढणे. एखाद्या घराला ते चालेल, एखाद्याला चालणार नाही. पण निर्णय शेजारी बसून, बघून घ्यावा. नाव ऐकून घेतलेला निर्णय मुलाला पटत नाही.

सिंदबादच्या तिसऱ्या सफरीत नरभक्षक राक्षसाचे डोळे तापलेल्या सळ्यांनी फोडले जातात. ती कथा आणि सायक्लॉप्सची कथा सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. आपल्या दादी-नानींनी ती सांगताना कोणाचे ईमान डळमळले नव्हते.

समोरचा शत्रू कोण?

मघाचा मुद्दा आता घेऊ. राक्षसाला नाव नसते, म्हणून त्याला मारताना काही वाटत नाही. मग शूटरमध्ये राक्षसाच्या जागी माणूस उभा केला तर?

गेल्या दोन-तीन दशकांतल्या अनेक युद्ध-शूटरमध्ये हेच झाले आहे. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले संशोधक वीत शिस्लर यांनी २००८ साली पाश्चात्त्य खेळांतल्या अरब आणि मुस्लिम पात्रांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसले की या खेळांत मध्यपूर्वेतला माणूस बहुधा शत्रू म्हणूनच येतो. त्याला चेहरा नसतो, नाव नसते, मागे फक्त अरबी अक्षरांच्या भिंती असतात. आपला मुलगा तो खेळ खेळतो तेव्हा प्रथम पुरुष, 'मी', हा परदेशी सैनिक असतो, आणि समोर पडणारा माणूस त्याच्या मामूसारखा दिसतो.

ग्रीक राक्षसांच्या खेळाला घाबरणारे पालक कधी कधी अशा खेळाला हरकत घेत नाहीत, कारण त्यात देव-देवी नसतात. मला विचाराल तर या दोहोंत दुसऱ्याकडे आधी बघायला हवे. सांगाड्याशी लढणाऱ्या मुलाला रस्त्यावर सांगाडा भेटणार नाही. माणसे भेटणार आहेत.

इथे आपला आवाज पोहोचतो, हेही माहीत असावे. २००८ साली सोनीच्या 'लिटल बिग प्लॅनेट' या खेळातल्या एका गाण्यात कुरआनमधील शब्द आहेत, असे एका खेळाडूने कंपनीला कळवले. कंपनीने जगभरातले प्रकाशन पुढे ढकलले आणि तो भाग काढला. २०१२ साली 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या एका नकाशात न्हाणीघरात पवित्र अरबी मजकुराची चौकट लावलेली आढळली. मुस्लिम खेळाडूंनी तक्रार केली, कंपनीने तो नकाशा तात्पुरता मागे घेतला. दोन्ही वेळी हे खेळणाऱ्यांनीच पाहिले आणि कळवले. डोळे उघडे ठेवून खेळणारे मूल हे असे उपयोगी पडते.

मूल मारकुटे होते का?

१९९३ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये हिंसक खेळांवर सुनावणी झाली आणि त्यातून १९९४ मध्ये तिथे वयानुसार शिक्के देणारे मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून हा वाद चालू आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० साली आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली. हिंसक खेळ आणि ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्यात लहानसा पण खरा संबंध दिसतो. खऱ्या हिंसाचाराचे खापर मात्र खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही. म्हणजे गोळ्यांचा खेळ खेळणारा मुलगा गुन्हेगार होईल, ही भीती सोडून द्यावी. खेळून उठल्यावर तो धाकट्या बहिणीवर खेकसतो का, याकडे लक्ष ठेवावे.

दुसरी बाजूही आहे. अमेरिकेच्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बाव्हेलिये यांनी २००३ साली दाखवले की वेगवान अॅक्शन खेळ खेळणाऱ्यांची नजरेने एकाच वेळी अनेक गोष्टी टिपण्याची क्षमता वाढते. पण हा फायदा नजरेचा. त्याने गणिताचे गुण वाढतील, असे कोणी समजू नये.

व्यसनाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद केली आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा राहत नाही, इतर सगळ्यापेक्षा खेळ पुढे जातो, आणि नुकसान दिसत असूनही तो थांबत नाही. ही तीन लक्षणे साधारण बारा महिने दिसली आणि घर, शाळा, नाती यांवर ठळक परिणाम झाला, तर तो आजार. सुट्टीत चार दिवस वेड लागणे हा आजार नव्हे. वर्षभर शाळा बुडत असेल, झोप उडाली असेल, तर ओरडा न करता डॉक्टरांकडे जावे.

घरात काय करता येईल

सर्वांत आधी, वीस मिनिटे शेजारी बसा. शक्य असेल तर स्वतः खेळून बघा. तुम्ही हराल, मुलांना त्याचा फार आनंद होतो. बघताना चार गोष्टी विचारा. शत्रू कोण आहे? त्याला का मारायचे? एक राउंड किती वेळात संपतो? पैसे कुठे मागतो?

प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाखाली वयाचा आकडा असतो: ३, ७, १२, १६ किंवा १८. तो वाचण्याची सवय लावा. ग्रीक नाव आहे म्हणून खेळ मुलांचा ठरत नाही. 'गॉड ऑफ वॉर' प्रौढांचाच आहे. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा २०१८ चा खेळही तसाच, पण त्याच्या कंपनीने २०१९ मध्ये त्याच प्राचीन ग्रीसची लढाई नसलेली सहल वेगळी काढली. तिच्यात अथेन्सच्या रस्त्यांवरून फिरत तिथली माहिती ऐकता येते. इतिहास आवडणाऱ्या मुलासाठी ती उत्तम.

वेळ मिनिटांत ठरवू नका, राउंडमध्ये ठरवा. "पाच मिनिटांत बंद कर" म्हटले आणि पाचवे मिनिट बॉसच्या लढाईत आले की भांडण ठरलेले. "दोन राउंड, मग असरच्या नमाजला उठायचे" हे मुलाला पाळता येते, कारण आर्केड खेळाला स्वतःचाच थांबा असतो. त्या थांब्यावर 'पुन्हा खेळायचे?' हा प्रश्न येतो तेव्हा शेजारी घरातले कोणी तरी असले की पुरे.

फोनवर खरेदीसाठी पासवर्ड लावा, यूपीआयचा पिन मुलाला देऊ नका. अनोळखी लोकांशी बोलायची सोय खेळाच्या सेटिंगमध्ये बंद करा. फोन दिवाणखान्यात राहू द्या, रात्री अंथरुणात जाऊ देऊ नका. फज्रला न उठणाऱ्या मुलाचे कारण अनेकदा रात्री साडेबाराच्या राउंडमध्ये असते.

आणि गोष्ट सांगा. खेळाने मुलाला राक्षसाची ओळख करून दिली आहे, युक्ती तुम्ही सांगा. ढालीतले प्रतिबिंब सांगा, दोऱ्याची गुंडी सांगा, फुशारकीची किंमत सांगा. मग सिंदबाद सांगा, अमीर हमजा सांगा.

डिसेंबर-जानेवारीत इशानंतर मुलांना घेऊन गच्चीवर जा. उत्तरेकडे शर्मिष्ठेची वेडीवाकडी 'एम'सारखी आकृती दिसेल आणि वर कृत्तिकांचा छोटा पुंजका. या दोघांच्या मधल्या भागात ययाती, म्हणजे पर्सियस. त्यातला अल्गोल शोधा. हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो आणि काही तासांत पुन्हा उजळतो, कारण दुसरा अंधूक तारा त्याच्या आडून जातो. हे गणित १७८३ साली जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या इंग्रज तरुणाने मांडले. तो सारखा आकाशाकडे बघत बसायचा. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत दोन-चार रात्री नोंद ठेवली तर अल्गोलचे हे मंदावणे आपल्या मुलांनाही साध्या डोळ्यांनी पकडता येईल.